'श्रवणयंत्र' आणि 'हेडफोन'

गुहागरच्या एका भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या गावातील अभ्यासिकेत 'ध्वनिमुद्रित व्याख्याने श्रवणयंत्र लावूनच ऐकावीत' अशी सूचना आहे. हेडफोनसाठी हा शब्द योग्य आहे काय, आणि 'हेडफोन लावला' म्हणावे की 'लावले'?

सूचना लिहिणाऱ्याची मराठीविषयीची आस्था कौतुकास्पद असली, तरी 'श्रवणयंत्र' हा शब्द येथे नको, असे माझे मत आहे. कारण तो एका निराळ्या उपकरणासाठी आधीच रूढ झालेला आहे. कमी ऐकू येणारी माणसे कानाला लावतात ते श्रवणयंत्र. त्यातला सूक्ष्म मायक्रोफोन भोवतालचा आवाज टिपून त्याचा विद्युतसंकेत बनवतो, त्या संकेताची शक्ती वाढवली जाते आणि मग त्याचा पुन्हा आवाज होऊन तो कानात पोचतो. हेडफोनकडे मुळात यातले शेवटचे कामच असते. मोबाइल किंवा रेडिओकडून येणारा, सतत बदलणारा विद्युतप्रवाह तारेच्या बारीक वेटोळ्यातून जातो. हे वेटोळे कायम चुंबकाच्या क्षेत्रात असल्यामुळे प्रवाहाच्या चढउतारांबरोबर ते पुढेमागे हलते आणि त्याला जोडलेला पातळ पडदा कानाजवळची हवा कंपित करतो. सर्वच हेडफोनांची रचना अशी नसते, पण बहुतेकांची असते.

पडदा लहान असूनही खर्ज नीट ऐकू येतो, कारण हलवायची हवा थोडी असते आणि गादी कानाभोवती घट्ट बसलेली असते. दशावताराच्या ध्वनिमुद्रणातला पखवाजाचा घुमारा सैल बसलेल्या इअरफोनमधून पोकळ वाटतो, तो बहुधा याच फटीमुळे. दोष दर वेळी ध्वनिमुद्रणाचा नसतो. आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रासारख्या ठिकाणी निवेदकाला हेडफोन लागतो, त्याचे कारण मात्र वेगळे आहे: लाउडस्पीकरचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरू नये. बोलण्यासाठीचा मायक्रोफोनही जोडलेला असेल, तर त्या साधनाला हेडसेट म्हणतात.

आता श्रवणयंत्र आणि हेडफोन यांच्यातली सीमारेषा पूर्वीइतकी स्पष्ट राहिलेली नाही, हेही मान्य केले पाहिजे. गोंगाट कमी करणाऱ्या हेडफोनांत बाहेरचा आवाज टिपणारे मायक्रोफोन असतात. त्या आवाजाच्या उलट लहर निर्माण करून गाडीच्या घरघरीसारखा सलग, खालच्या पट्टीतला आवाज ते बराच क्षीण करतात. 2024 साली तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका बिनतारी इअरफोनच्या आज्ञावलीला, सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांसाठी, श्रवणयंत्र म्हणून मान्यता दिली. तरीही अभ्यासिकेत व्याख्यान ऐकणाऱ्याच्या कानावर असतो तो हेडफोनच, आणि तिथे एखादे वयस्कर वाचक खरोखरच श्रवणयंत्र लावून येत असतील, तर त्या सूचनेचा अर्थ त्यांनी काय घ्यावा?

'फोन' या घटकामुळे हा शब्द दूरध्वनीचा वाटतो, पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ध्वनी असा आहे. ग्रामोफोन आणि मायक्रोफोन यांतही तोच आहे.

राहिला वचनाचा प्रश्न. 'हेडफोन' मराठीत पुल्लिंगी रुळला आहे आणि 'दगड', 'हात' यांच्याप्रमाणे त्याचे अनेकवचनी रूप बदलत नाही, म्हणून वचन क्रियापदावरून कळते. इंग्रजीत दोन भागांमुळे तो अनेकवचनी चालतो; मराठीला तसे बंधन नाही, कारण दोन काचांचा चष्मा आणि दोन पायांचा पायजमा आपण एकवचनीच ठेवले आहेत. तेव्हा डोक्यावरून पट्टी येणाऱ्या साधनाला 'हेडफोन लावला' हेच मला अधिक सरळ वाटते. कानांत बसणारे दोन सुटे इअरफोन असतील, तर 'इअरफोन घातले' असे अनेकवचन स्वाभाविक आहे. 'हेडफोन लावले' हे बोलण्यात इतके रुळले आहे की त्याला चूक ठरवण्याचे कारण नाही.

सूचना बदलायची झाल्यास 'ध्वनिमुद्रित व्याख्याने हेडफोन किंवा इअरफोन लावूनच ऐकावीत' एवढे पुरेसे आहे.