चोरून घेतलेली पारख

«ताई, मी २८ वर्षांची, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. ॲपवर ओळख झालेल्या एका मुलाला दोन महिन्यांत सात-आठ वेळा भेटले. तो गोकुळ शिरगावला एमआयडीसीत आहे. माझा आधीचा साखरपुडा मोडला, कारण त्या मुलानं कर्ज लपवलं होतं. म्हणून याला पारखून घेतलं. दोन दिवस फोन उचलला नाही, तर त्याचा एकच मेसेज आला : ‘बरी आहेस ना? वेळ मिळाला की बोल.’ बाबा पैशांच्या अडचणीत आहेत अशी थाप मारली, तर म्हणाला, ‘माझी ४० हजारांची एफडी आहे, मोडू का?’ दुसऱ्या मुलीचा फोटो लावून खोट्या अकाउंटवरूनही मेसेज केले. त्यानं उत्तर दिलं नाही. साखरपुड्याचं मात्र त्याला माहीत नाही. आत्ता सांगू, की लग्न ठरल्यावर?»

आत्ताच सांग. आणि नुसतं साखरपुड्याचं नाही, थापेचं आणि अकाउंटचंही.

तुझी भीती खोटी नाही. साखरपुडा मोडलेल्या मुलीचं घर मी जवळून पाहिलंय. बायका ‘काय झालं गं?’ विचारतात म्हणून आई महिनाभर अंबाबाईला जायची थांबते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण बाळा, त्या मुलानं तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती. तू याच्यापासून चार लपवल्यास.

मला सगळ्यात लागली ती एफडी. जी अडचण नव्हतीच, तिच्यासाठी तो साठवलेले पैसे मोडायला निघाला. तुझ्या बाबांच्या काळजीनं त्या रात्री त्याला झोप लागली असेल का? आणि जिचा फोटो तू वापरलास, तिचा यात काय संबंध? ते अकाउंट आज बंद कर.

पारख करूच नये असं मी म्हणत नाही. आपल्याकडं गुऱ्हाळावर गूळ करणारा गुळव्या काहिलीतल्या, म्हणजे मोठ्या कढईतल्या, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का बघतो. पण तो काहिलीशेजारीच उभा असतो, तीच आच त्यालाही लागते. तुला कर्जाची धास्ती आहे ना? मग सरळ विचार. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं, लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. सगळे ज्याला सिबिल म्हणतात, तोच. दोघांनी काढा, एकमेकांना दाखवा. आधी तू तुझा दाखव.

लग्न ठरेपर्यंत थांबलीस तर साखरपुड्याचं त्याला कुणीतरी पाव्हणाच सांगेल. कोल्हापूर केवढं आहे, तुला माहीत आहे.

रंकाळ्यावर संध्याकाळी नको, भेळेच्या गाड्यांपाशी असलं बोलणं होत नाही. सकाळी लवकर जा, शालिनी पॅलेसच्या बाजूनं चालत बोला. ‘माझा साखरपुडा मोडलाय, आणि त्या भीतीनं मी तुझ्याशी खोटं वागले,’ एवढ्यावर सुरुवात कर. ‘पण माझ्या जागी तू असतास तर’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस. रडून त्याला तुझीच समजूत काढायला लावू नकोस. तो चिडेल, कदाचित ‘पुरे’ म्हणेल. तो त्याचा हक्क आहे.

आणि चार दिवस गप्प राहिला तर फोनवर फोन करू नकोस. त्यानं केला होता तसा एकच मेसेज कर, आणि थांब.