चिंचेचा गोळा घरी केला की पाणी सुटतं, नाहीतर दगड होतो. चुकतं कुठे?

तुम्ही लिहिलंय की चिंच भिजवून, कोळ काढून, त्यात गूळ-जिरे घालून गोळे वळले तर दोन दिवसांत पाणी सुटलं. पुढच्या वेळी जास्त आटवले तर दाताने तुटेनात. शाळेबाहेर काडीवर मिळतो तसा आंबट-गोड-तिखट गोळा हवा असेल, तर त्याला पाणी लागतच नाही. तो कुटायचा असतो. चिंच भिजवायची ती आमटीसाठी.

आधी चिंच नीट बघून घ्या. नवी चिंच फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते, बार्शीच्या बाजारात तर ढीग लागतात. गोळ्याला ही नवी, तांबूस, बोटाने दाबली तर दबणारी चिंच हवी. जुनी काळी चिंच आमटीत चालते, पण गोळ्याला कडवट झाक आणते. गाभुळलेली चिंच तशीच मीठ-तिखट लावून खावी. तिचा गर पिठूळ असतो, त्याचा गोळा बांधला जात नाही. किलोभर शेंगांतून टरफलं, शिरा आणि चिंचोके गेले की अर्ध्या किलोच्या आसपास गर हाती येतो. साफ करताना प्रत्येक बोटूक उघडून बघा. चिंचोक्याजवळ भुसा दिसला तर आत कीड आहे, तो तुकडा टाका. चिंचोक्याची एक कपची राहिली तरी दात जातो.

पाव किलो साफ केलेल्या चिंचेला मी २०० ग्रॅम किसलेला गूळ, दोन चमचे जिरे, एक चमचा मीठ, अर्धा चमचा पादेलोण आणि दीड चमचा लाल तिखट घेते (चमचा म्हणजे चहाचा, सपाट). गूळ साधा घ्या. चिकीचा गूळ इथे नको, त्यानेच गोळा दाताला चिकटतो. गूळ आधी चाखून बघा. काही गूळ मुळातच खारट असतो, मग मीठ निम्मं करा. मीठ कमी पडलं तर गोळा नुसता गोडमिट्ट लागतो आणि आपण उगाच अजून चिंच घालत बसतो. चव अडली की आधी चिमूटभर मीठ वाढवून बघा. काळं तिखट कितीही आवडत असलं तरी यात घालू नका. त्यातलं खोबरं आणि तेल थोड्याच दिवसांत खवट होतं.

चिंच ताटात पसरून दुपारच्या उन्हात तासभर ठेवा. सोलापूरच्या उन्हात ती तापून मऊ पडते आणि वरची ओलही जाते. तेवढ्यात जिरे मंद आचेवर भाजून घ्या. काळे पडले तर गोळा कडू होईल. दगडी खलबत्त्यात आधी जिरे, मीठ, पादेलोण आणि तिखट कुटा, मग गरम चिंच थोडी थोडी घाला. गूळ अगदी शेवटी. कुटताना गुळाला ओल सुटते. तो आधी घातला तर चिंच बत्त्याखालून निसटत राहते आणि शिरा तुटत नाहीत. पितळी किंवा लोखंडी खलबत्ता वापरू नका. ज्या आंबटाने आपण तांब्या-पितळेची भांडी लखलखीत करतो, तेच धातू ओढून घेतं आणि गोळ्याला धातूची चव येते. मिक्सर वापरायचा तर मूठ-मूठभर घालून, थांबत थांबत फिरवा. एकदम भरलं तर पातं अडकतं.

झालं की नाही कसं ओळखायचं? लिंबाएवढा गोळा वळून काडीवर दाबा आणि काडी उलटी धरा. गोळा घसरला तर गूळ जास्त झालाय, थोडी चिंच घालून पुन्हा कुटा. वळताना भेगा पडल्या तर चमचाभर गूळ वाढवा. पाण्याचा हात लावू नका, तुपाचं बोट पुरे. कानडी घरांत हीच चिगळी. तिखट कमी-जास्त होतं, कृती तीच.

आटवलेल्या गोळ्याच करायच्या असतील तर पाव किलो चिंच दीड वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजवून गाळा. जाड बुडाच्या स्टीलच्या कढईत ३०० ग्रॅम गूळ घालून मंद आचेवर सतत हलवा. रटरटताना मिश्रण उडतं आणि भाजतं, म्हणून लांब दांड्याचं उलथनं घ्या. कडा सुटू लागल्या की थंड पाण्यात थेंब टाका. बोटांत धरता येईल अशी मऊ गोळी झाली की लगेच गॅस बंद करा. ती कडक होईपर्यंत थांबलात, म्हणून तुमचा दगड झाला. त्याआधी उतरवलं तर पाणी सुटतं. आंबटामुळे गुळातली साखर फुटते आणि ती हवेतली ओल ओढून घेते. म्हणून पिठीसाखरेत घोळवायचं ते खायच्या वेळीच. आधी घोळवलं तर साखर विरघळून थर ओला होतो.

दोन्ही प्रकार काचेच्या किंवा चिनीमातीच्या कोरड्या बरणीत, बटर पेपरमध्ये गुंडाळून ठेवा. उन्हाळ्यात बाहेर टिकतात, मृगाचा पाऊस सुरू झाला की फ्रिजमध्ये हलवा. पांढरी बुरशी दिसली तर वरवर खरवडू नका, सगळं टाका. मुलांना खाल्ल्यावर चूळ भरायला लावा. ब्रश लगेच नको, आंबटाने दातांचा वरचा थर नरम झालेला असतो. साफ करताना निघालेल्या शिरांना बराच गर चिकटलेला असतो, त्या गरम पाण्यात टाकून ठेवा, त्या दिवशीच्या आमटीचा कोळ त्यातून निघतो.