विक्रीच्या नोकरीतून व्यसनमुक्ती संस्थेच्या निधी संकलनात यायचं असेल तर काय माहीत असायला हवं?

तुम्ही विचारलंय की विक्रीचा अनुभव इथे पुरेल का. फोन उचलायला आणि नकार पचवायला तो पुरतो. पुढचं बरंच काही उलटं आहे.

आधी पगाराचं बोलू. जमलेल्या रकमेवर टक्केवारी देऊ केली तर नाही म्हणा. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या व्यावसायिक संघटनेच्या आचारसंहितेत अशा मोबदल्याला मनाई आहे. कमिशनवर असलेला माणूस दात्याला घाई करतो आणि नको ते पैसेही घेऊन येतो.

कामाची सुरुवात हिशेबापासून करा. 'एका रुग्णाच्या एका दिवसाला किती खर्च येतो?' हे दाता विचारणारच. समजा 20 खाटा आहेत. वर्षाचे खाट-दिवस झाले 7300. पण खाटा सरासरी 75 टक्केच भरत असतील तर खरे दिवस 5475. एकूण खर्चाला 7300 ने भागलंत तर प्रत्येक दिवसामागे खऱ्या खर्चाच्या पाऊणपटच मागाल आणि वर्षअखेरीला खड्डा पडेल. भाडं, हिशेबनीस, रात्रपाळीची नर्स आणि तुमचा स्वतःचा पगारही त्या एकूण खर्चात धरा. नर्सचं कारण दात्याला समजावून सांगा: दारू अचानक थांबवल्यावर झटके येऊ शकतात, काहींना साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, त्यात जीवही जाऊ शकतो. खाट देणारे दाते मिळतात. नर्स आणि पाठपुराव्याचे फोन यांना मात्र कुणी वाली नसतो, म्हणून विशिष्ट कामासाठी बांधलेल्या देणगीपेक्षा दरमहा येणारी लहान, मोकळी देणगी जास्त मोलाची.

मग येतो 'यशाचा टक्का'. सगळ्यात जास्त थापा इथेच मारल्या जातात. उदाहरणादाखल, 100 जण दाखल झाले, 70 जणांनी उपचार पूर्ण केले, वर्षाने 40 जणांशी संपर्क झाला आणि त्यातले 28 जण व्यसनापासून दूर होते. पत्रकात '70 टक्के यश' छापलं जातं, कारण 28 ला 40 ने भागलेलं असतं. जे फोन उचलत नाहीत त्यांच्यात व्यसन पुन्हा सुरू झालेले जास्त असण्याची शक्यता असते. चारही आकडे द्या. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेनुसार व्यसनात पुन्हा घसरण्याचं प्रमाण 40 ते 60 टक्के आहे आणि ते उच्च रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांशी मिळतंजुळतं आहे. 'स्वतःहून प्यायला, मग आम्ही पैसे का द्यायचे?' असं विचारणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा ही तुलना त्याच्यापुढे ठेवा. रक्तदाबाची गोळी बंद करून पुन्हा दवाखान्यात आलेल्याला कुणी हाकलत नाही.

आता अनुभवकथन. उपचार सुरू असलेल्या माणसाकडून संमती घेऊच नका. तो उपकाराच्या ओझ्याखाली 'हो' म्हणतो. निदान वर्षभर थांबा. संमती लेखी हवी: नाव, चेहरा, आवाज यांपैकी काय वापरणार, कुठे आणि किती दिवस. मागे घेता येईल हेही लिहा, आणि इंटरनेटवर गेलेलं पूर्ण पुसता येत नाही हे तोंडी स्पष्ट सांगा. नाव बदललं म्हणजे झालं, असं नसतं. गाव, वय आणि धंदा एकत्र आले की ओळख पटते, आणि त्याच्याबरोबर बायको-मुलंही ओळखली जातात. म्हणून त्यांनाही विचारा. बाटली, ग्लास, सुई यांची चित्रं टाळा. तुमचं पत्रक बरे होत असलेले लोकही वाचतात आणि ते चित्र तलफ जागवू शकतं.

तुमचे सर्वात चिवट दाते बहुधा ज्यांच्या घरात व्यसन शिरलं होतं तेच असतील. त्यांना पावती पाठवताना पाकिटावर संस्थेचं नाव नको. 'व्यसनमुक्ती' हा शब्द पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचतात. रुग्णांची यादी ही दात्यांची यादी नाही, दोन्ही एका संगणक फाइलमध्येही ठेवू नका. व्यसनातून नुकताच सुटलेला माणूस अपराधी भावनेपोटी मोठी रक्कम देऊ लागला तर तीही घेऊ नका. अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेले गट; त्यांच्या सभेत झोळी घेऊन तर जाऊच नका. त्यांच्या सातव्या 'परंपरे'नुसार, म्हणजे नियमानुसार, प्रत्येक गट स्वतःच्या सभासदांच्या पैशावर चालतो आणि बाहेरची देणगी नाकारतो. सभा ही त्यांची जागा आहे.

दारू, तंबाखू, जुगार यांतल्या कंपन्यांचे पैसे सर्वात सहज येतात. ओपिऑइड, म्हणजे सवय लावणाऱ्या अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या विकणाऱ्या पर्ड्यू फार्मा कंपनीचे तेव्हा मालक असलेल्या सॅकलर कुटुंबाच्या नव्या देणग्या घ्यायचं टेट आणि गुगेनहाइम या संग्रहालयांनी 2019 मध्ये थांबवलं. चित्रांच्या दालनांवर ही वेळ आली, तिथे व्यसनमुक्ती संस्थेचं काय होईल?

नोकरी घेण्याआधी तीन कागद मागा: लेखापरीक्षित ताळेबंद, संमतीपत्राचा नमुना आणि कुणाची देणगी घ्यायची नाही याचं लेखी धोरण. तिसरा कागद बऱ्याचदा नसतो. तो विश्वस्तांकडून पहिल्या महिन्यातच मंजूर करून घ्या, एखादा मोठा चेक दारात यायच्या आत.