एकशे पाच चमचे

विज्ञान आणि तंत्रज्ञान इतके पुढे गेले, प्रत्येकाच्या हाती मोबाईल आला, तरी माणूस पूर्वीपेक्षा सुखी दिसत नाही, मग या प्रगतीने त्याचे खरोखर भले झाले असे म्हणता येईल का, असे आपण विचारले आहे. मोबाईल, एकटेपणा आणि उडालेली झोप यांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मी ३६ वर्षे आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली आणि २०२१ मध्ये निवृत्त झाले. परंतु आपल्या प्रश्नातील ‘पूर्वीपेक्षा’ हा शब्द मला खटकला, म्हणून लिहीत आहे. माझ्या आजीला कोणी मुलाबाळांविषयी विचारले की ती “झाली नऊ, राहिली चार” असे एका दमात सांगत असे, जणू शेळ्यांचा हिशेब देत आहे. गेलेल्या पाचांपैकी तिघे हगवणीने गेले. पूर्वीचा माणूस सुखी होता असे ज्यांना वाटते, त्यांनी हे पाच धरलेलेच नसतात.

माझ्या अनुभवातले विज्ञान जलसंजीवनीच्या, म्हणजे ओआरएसच्या, एका पाकिटात मावते. जुलाबात मूल दगावते ते मुख्यतः अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. नुसते पाणी पाजले तर ते अशा आतड्यात पुरेसे शोषले जात नाही. मात्र मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात एकत्र दिले, तर आतड्याच्या पेशी दोन्ही जोडीने आत ओढून घेतात, त्यांच्यामागोमाग पाणी जाते, आणि पटकीने (कॉलऱ्याने) आतडे बेजार झालेले असतानाही ही वाट उघडी राहते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये ही जोडवाहतूक मांडली, तर १९६८ मध्ये ढाक्यात पटकीच्या रुग्णांवर तोंडाने द्यायचे द्रावण यशस्वी ठरले. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटे कलकत्त्यात भरवून घेतली, तोटी लावलेल्या पिंपांत ती विरघळवली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाणी पाजायला बसवले. जेथे शंभरातील सुमारे तीस रुग्ण दगावत होते, तेथे त्यांच्या पथकाच्या देखरेखीखालील मृत्यूंचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. पुढे १९७८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरवले. महालनबीस २०२२ मध्ये गेले आणि पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये, मरणोत्तर मिळाले. आपल्याकडे क्रिकेटच्या राखीव खेळाडूचेही नाव त्यांच्या नावापेक्षा अधिक लोकांना ठाऊक असते.

आता माझी गोष्ट सांगते. १९८९ चा आषाढ होता आणि माझे उपकेंद्र तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात होते. आवणीचे दिवस होते, पाऊस चार दिवस खळलेला नव्हता आणि वाडीच्या विहिरीत ओढ्याचे गढूळ पाणी शिरले होते. आरोग्यसेवकाने विहिरीत टी.सी.एल. (ब्लीचिंग) पावडर टाकली होती, पण पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे पाहणारी ओ.टी. टेस्ट घेतली की पाण्याला पिवळा रंग चढतच नव्हता. रात्र पडल्यावर एक बाई चौदा महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. ती दिवसभर चिखलात वाकून रोपे लावत होती आणि तिचे लुगडे गुडघ्यापर्यंत गाळाने माखलेले होते. मुलाला सकाळपासून दहा-बारा जुलाब झाले होते आणि घरातल्या म्हातारीने त्याचे पाणी तोडले होते, कारण पाणी दिले की आणखी पातळ होते, अशीच सर्वांची समजूत होती. मुलाचे डोळे खोल गेले होते, तोंड कोरडे पडले होते, आणि पोटाच्या कातडीला चिमटा काढला तर चुणी सावकाश मोडत होती. पण ते किरकिरत होते आणि पाण्याची वाटी दिसताच तिच्यावर झडप घालत होते. किरकिरणारे, तहानलेले मूल पाहिले की आम्हाला थोडे हायसे वाटते, आम्ही घाबरतो ते निपचित पडलेल्या मुलाला.

मुलाचे आजोबा दारातूनच म्हणाले, “बाई, बाटली लावा.” उपकेंद्रात सलाईन नव्हते, ओढ्याला पूर होता आणि तालुक्याचे गाव चौदा किलोमीटरवर होते. मी मुलाला झोळीच्या काट्यावर तोलले, तर ते सात किलो भरले. किलोमागे ७५ मिलीलिटर या हिशेबाने त्याला चार तासांत ५२५ मिलीलिटर पाणी द्यायचे होते, म्हणजे पाच मिलीलिटरचे एकशे पाच चमचे, दर सव्वादोन मिनिटांनी एक. लिटरभर उकळून गार केलेले पाणी मोजायला माझ्याकडे जे माप होते, ते सलाईनच्याच रिकाम्या काचेच्या बाटलीचे होते. तिच्यावर अर्ध्या लिटरची खूण मी रंगाने केली होती. आजोबांचे समाधान व्हावे म्हणून ती बाटली मी मुद्दाम त्यांच्यासमोर ठेवली, पण ते काही फसले नाहीत.

रात्री दहाला सुरुवात केली. दर दहा चमच्यांना मी जमिनीवर खडूने एक रेघ ओढत होते. मुलाने दोनदा सगळे उलटून टाकले, तेव्हा दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरुवात केली, आणि बाहेर गेलेले भरून काढायला आणखी चमचे वाढवले. त्याची आई बसल्या बसल्या डुलक्या घेत होती, मी हाक मारली की दचकून चमचा पुढे करत होती. म्हातारी भिंतीला टेकून माझ्या हाताकडे एकटक पाहत होती. मूल गेले तर दोष कोणावर येणार, हे तिला जितके स्पष्ट होते तितकेच मलाही होते. पहाटे अडीचच्या सुमारास त्याने माझ्या पातळावर लघवी केली. पातळ भिजल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झालेला नाही.

सकाळी ओढा उतरला, तसे माझे न ऐकता आजोबांनी मुलाला खांद्यावर टाकले आणि तालुक्याला नेले. तेथील एका खासगी डॉक्टरांनी त्या खेळत्या मुलाला एक बाटली लावली, तिचे पैसे घेतले आणि चारचौघांत सांगितले, “साखरपाणी पाजून पोर मारायला निघाली होती ती नर्सबाई. वेळेवर आणलंत म्हणून वाचलं.” हे वाक्य माझ्या आधी वाडीवर पोहोचले. आठवड्याने मी त्यांच्या दवाखान्यात गेले, पाकीट टेबलावर ठेवले आणि यात नेमके काय चुकीचे आहे ते सांगा, असे म्हटले. ते हसले. “सिस्टर, तुमचं बरोबर असेलही, पण लोकांना बाटली दिसावी लागते.”

पुढची दोन वर्षे माझी पाकिटे कपाटात पडून राहिली. कोणी नेलीच तर शेळीच्या करडाला पाजली. १९९१ च्या पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीवरची एक बाई नऊ महिन्यांची मुलगी घेऊन माझ्या उपकेंद्रासमोरून न थांबता तालुक्याकडे गेली, कारण तिला बाटली लावायची होती. मुलगी वाटेतच गेली. त्या वेळी मी आत बसून रजिस्टर लिहीत होते.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, होय, भले झाले, आणि ते शब्दांत मावणार नाही इतके झाले. १९८० च्या सुमारास जगात पाच वर्षांखालील सुमारे ४६ लाख मुले दरवर्षी जुलाबाने मरत होती, आज हा आकडा पाच लाखांच्या आत आहे. परंतु आमच्या त्या भागात शोध होता, सरकारी पुरवठा होता, तो वापरणारी प्रशिक्षित बाईही होती, आणि तरीही एक मुलगी गेली, कारण लोकांचा चमच्यावरचा विश्वास एका शिकलेल्या माणसाने मोडला होता. यंत्र जितके मोठे, उपचार जितका महाग, तितके विज्ञान अधिक, हा समज आपल्या समाजात अडाण्यांपेक्षा सुशिक्षितांनी पसरवला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे टाळता येत होते, याचा पुरावा शेजारीच आहे. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० ते १९९० या काळात सुमारे १ कोटी २० लाख घरांत गेल्या आणि त्यांनी बायकांना तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी एवढेच शिकवले. त्यांचा मोबदला घरे किती केली यावर ठरत नसे. नंतर तपासणीला आलेल्या व्यक्तीसमोर आईला किती आठवते आणि द्रावण बरोबर करता येते का, यावर तो ठरत असे. आमचा पगार मात्र रजिस्टर पूर्ण असल्यावर निघत असे आणि रजिस्टर माझे नेहमीच पूर्ण होते.

त्या डॉक्टरांचे वाक्य मला पुन्हा भेटले ते २०२४ मध्ये. कर्नाटक आणि बिहारमधील खासगी डॉक्टरांकडे पालक बनून माणसे पाठवून केलेला एक अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डॉक्टर जलसंजीवनी का लिहून देत नाहीत, याचे सर्वांत मोठे कारण त्यात निघाले ते असे की, रुग्णालाच ती नको असते असे डॉक्टर गृहीत धरतात. न देण्याचा सुमारे ४२ टक्के भाग या एका समजुतीतून आलेला होता, साठा नसल्यामुळे आलेला भाग ६ टक्के होता. प्रत्यक्षात पालकांनी स्वतः मागितली की डॉक्टरांनी ती देण्याचे प्रमाण बरेच वाढत होते. पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या तोंडावर हसून सांगितलेले तेच हे, फक्त आकड्यांत मांडलेले. देशात जुलाब झालेल्या मुलांपैकी जलसंजीवनी मिळालेल्यांचे प्रमाण २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २६ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ते सुमारे ६१ टक्के झाले. सुधारणा मोठी आहे, पण उरलेल्या ३९ मुलांच्या घरीही मीठ आणि साखर असणारच.

शहरातल्यांनी यावर हसू नये. तुमच्याकडे फळांच्या चवीची, भरमसाट साखर घातलेली खोकी ‘ओआरएस’ या नावाखाली औषधांच्या दुकानांत वर्षानुवर्षे विकली गेली आणि शिकलेल्या आईबापांनी ती जुलाब झालेल्या मुलांना पाजली. अशा पेयांवरून ते नाव काढून टाकण्याचा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दिला तो २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये. जास्त साखरेने आतड्यात उलट पाणी ओढले जाते आणि जुलाब वाढतात, हे आमच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी सांगितले जात असे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. मी सलाईनच्या विरोधात नाही. मूल निपचित पडले असेल, पाणी पिऊच शकत नसेल, चिमट्याची चुणी बराच वेळ तशीच राहत असेल, तर चमचे मोजत बसणे हा गुन्हा आहे, त्याला तत्काळ दवाखान्यात नेऊन शिरेतूनच पाणी द्यावे लागते. बनगावातही अत्यवस्थ रुग्णांसाठी सलाईन राखून ठेवले होते. शौचात रक्त दिसले तरी दवाखाना गाठावा. दुसरे असे की, जलसंजीवनी जुलाब थांबवत नाही, ती मुलाला तगवते, आणि जुलाब मुळात कमी होतात ते स्वच्छ पाण्याने, संडासाने आणि आता रोटाव्हायरसच्या लसीने. तिसरे, त्या डॉक्टरांनी पुढे अनेकांचे प्राण वाचवले असतील, ते मी नाकारत नाही. त्यांना क्षमा करण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मी अजून सोडवलेला नाही.

आपल्या घरी लहान मूल असेल तर एवढे करा. एक लिटरचे पाकीट घरात ठेवा आणि ते पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवा, पेल्यात थोडेथोडे टाकू नका. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ घाला, आणि चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते ओतून पुन्हा करा. चोवीस तासांनी उरलेले टाकून द्या. अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवा, आणि झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण द्या. डॉक्टरांनी बाटलीचे नाव काढले तर “जलसंजीवनीने भागणार नाही का?” एवढे जरूर विचारा. हे विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

मोबाईलविषयी बोलायचे नाही असे म्हटले होते, पण एक सांगावेसे वाटते. ज्या मुलाने माझे पातळ भिजवले होते, तो आता सदतीस वर्षांचा आहे, जीप चालवतो आणि त्याला दीड वर्षाची मुलगी आहे. गेल्या पावसाळ्यात रात्री अकरा वाजता त्याचा फोन आला, मुलीला जुलाब लागले होते, आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो “बाई, बाटली लावू का?” मी त्याला व्हिडिओवर मुलीचे डोळे आणि पोटाची चुणी दाखवायला लावली, वजन विचारले आणि चमच्यांचा हिशेब सांगितला. त्याची बायको चमचा भरत होती आणि तो मोठ्याने आकडे म्हणत होता. दोन तासांनी मुलगी झोपली. मागून त्याच्या आईचा आवाज येत होता. ती सुनेला सांगत होती की, हा सुद्धा असाच लहानपणी जाता जाता राहिला, तालुक्याच्या डॉक्टरने बाटली लावली म्हणून वाचला.