बडोद्यात एम.ई.च्या वर्गाला हेल्थ आयटी शिकवायचं आहे. सुरुवात एचएल७ व्ही२ने (आरोग्य माहिती एका सिस्टिममधून दुसरीत पाठवण्याचं जुनं मानक) करू की थेट फायरने (FHIR, त्याच कामाचं नवं मानक)?

थेट फायरने करा, आणि आर४ आवृत्तीच धरा. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचे (केंद्र सरकारची डिजिटल आरोग्य नोंदींची योजना) नमुने आर४वरच बेतलेले आहेत आणि मुलांना जेसन (JSON, डेटा लिहिण्याची पद्धत), रेस्ट (REST, वेबवरून डेटा देण्याघेण्याची पद्धत) आधीच येत असतं, म्हणून पहिल्या आठवड्यातच ती 'पेशंट' रिसोर्स (फायरमधला रुग्णाच्या नोंदीचा साचा) लिहू लागतात. मी इथे पदव्युत्तर वर्गाला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आणि हेल्थ आयटी दोन्ही शिकवते, त्या अनुभवावरून सांगते.

सरावाला हापी फायर सर्व्हर (HAPI, फायरचा तयार सर्व्हर) आणि सिंथिया (Synthea) या काल्पनिक रुग्ण तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरचा कृत्रिम डेटा वापरा, दोन्ही फुकट आहेत. ओळखीच्या डॉक्टरांकडून 'नावं काढलेला' खरा डेटा मात्र आणू नका; जन्मतारीख आणि पिनकोडवरूनही माणूस ओळखता येतो. सिंथियाचे रुग्ण अमेरिकन असतात, तेव्हा नावं आपल्याकडची घाला. दांडिया बाजारातले शिंदे एका केसपेपरवर गुजरातीत, दुसऱ्यावर इंग्रजीत, तिसऱ्यावर मधलं नाव गाळून. हे तिन्ही एकच रुग्ण कसे ठरवायचे? माझ्या मते सत्रातला सगळ्यात चांगला प्रकल्प हाच. आभा क्रमांक (याच मिशनचा आरोग्य ओळख क्रमांक) १४ अंकी आहे, पण तो प्रत्येकाकडे असेलच असं नाही, त्यामुळे नुसता क्रमांक जुळवण्याची पळवाट उरत नाही.

फक्त व्ही२ पूर्ण गाळू नका. लॅब आणि जुन्या हॉस्पिटल सिस्टिम अजून उभ्या रेघांनी तोडलेले तेच संदेश पाठवतात. सत्राच्या मध्यावर दोन-तीन तास द्या आणि एक व्ही२ रिपोर्ट फायरच्या 'ऑब्झर्वेशन'मध्ये (तपासणीच्या निकालाचा साचा) बदलायला लावा.