पांढरे किंवा कबरे हरीण समोर आले, तर शिकाऱ्याने ते मारावे की सोडून द्यावे?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सहकाऱ्यांबरोबर पहिल्यांदाच शिकारीला जाताना पांढरे किंवा कबरे हरीण समोर आले तर गोळी झाडावी की नाही, असे तुम्ही विचारले आहे, आणि गटातील काही जण ते मारणे अपशकुनी मानतात, असेही लिहिले आहे. माझे मत स्पष्ट आहे. कायद्याची मनाई नसेल, हाती योग्य टॅग, म्हणजे त्या प्रकारचे जनावर मारण्याचा परवाना, असेल आणि नेम नीट बसत असेल, तर तपकिरी हरणाला जे माप लावता तेच यालाही लावा. केवळ रंगासाठी मारणे मला पटत नाही, आणि केवळ रंगासाठी सोडण्यात काही पुण्य आहे, हेही मला पटत नाही.

इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण असे की याच प्रश्नावरून माझे आणि माझ्या आतेभावाचे संबंध दुरावले आहेत. दादा माझ्याआधी इकडे आला. रायफल हाताळणे, मचाणावर न हलता बसणे, पडलेले जनावर सोलणे हे सगळे मला त्यानेच शिकवले आणि ते ऋण मी आजही मानतो. मॅडिसनच्या पश्चिमेला, माउंट होरेबच्या बाजूला, एका शेतकऱ्याच्या परवानगीने आम्ही त्याच्या जमिनीवर शिकार करत असू. तिथल्या कळपात एक कबरी मादी होती. मान आणि पाठ तपकिरी, पोट, पाय आणि एक कूस पांढरीशुभ्र. तिच्यावर कुणीही गोळी झाडायची नाही, असे दादाने सर्वांना बजावले होते. "ती आपल्या रानाची लक्ष्मी आहे," असे तो म्हणे. मला हे मान्य नाही, असे मी त्याला तेव्हाच तोंडावर सांगितले होते. ती नजरेस पडत राहावी म्हणून तो घरामागे मक्याचा ढीगही घालू लागला. याच परिसरात २००२ साली विस्कॉन्सिनमधील क्रॉनिक वेस्टिंग डिसीजची, म्हणजे हरणांना झिजवून मारणाऱ्या मेंदूच्या रोगाची, पहिली नोंद झाली होती. हा रोग लाळेतून आणि विष्ठेतून पसरतो, एका ढिगावर अनेक तोंडे एकत्र आली की त्याला आयतेच रान मिळते, आणि म्हणूनच तिथे हरणांना खाऊ घालण्यास मनाई आहे. एका मादीच्या कौतुकापायी सगळ्या कळपाला धोका होतो, हे मी किती वेळा सांगितले, पण दादाने ते मनावर घेतले नाही.

नोव्हेंबरमधील बंदुकीच्या हंगामात ती मादी कळपाच्या बरीच मागे, रेंगाळत, कापणी झालेल्या मक्याच्या शेतात आली. पुढचा उजवा पाय ती पूर्ण टेकवत नव्हती आणि दुर्बिणीतून तिच्या पाठीचा बाक स्पष्ट दिसत होता. कबऱ्या हरणांमध्ये वाकडा कणा, आखूड पाय, बाकदार नाक, आखूड खालचा जबडा असे दोष पुष्कळदा आढळतात. माझ्याकडे मादीचा टॅग होता, ती आडवी उभी होती आणि तिच्यामागे टेकडीचा उतार होता. मी गोळी झाडली आणि ती काही पावलांतच पडली. आतडी काढताना कण्यावरून हात फिरवला, तेव्हा मणके एका बाजूला सरकल्यासारखे लागले. उजव्या पायाचे खूर न झिजता लांब वाढून बाहेरच्या अंगाला वळले होते, म्हणजे तो पाय तिने बऱ्याच काळात धड वापरलेला नव्हता. मानेच्या काही इंचांसह डोके कापून मी या रोगाच्या तपासणीसाठी ठेवलेल्या पेटीत टाकले, लसिका ग्रंथींत रोग आढळला नाही, आणि ते मांस आम्ही घरी खिमा आणि रस्सा करून संपवले.

दादा त्याच्या मचाणावरून उतरून आला आणि म्हणाला, "तुला दुसरं जनावर मिळालं नसतं का रे?" मी म्हणालो, "दादा, तिचा पाय बघ, हिने हा हिवाळा काढला नसता." त्यावर तो म्हणाला, "ते आपण ठरवायचं नसतं." पण आदल्याच हंगामात त्याने दहा टोकांच्या शिंगांचा उमदा, धडधाकट नर मारून त्याचे डोके दिवाणखान्यात लावले होते. त्या नराचा जीव या मादीपेक्षा कमी मोलाचा कसा, याचे उत्तर त्याने मला आजवर दिलेले नाही.

दुर्मीळ रंग जपला पाहिजे, हा दादाचा दुसरा मुद्दा होता. संपूर्ण रंगहीन पाडस जन्मायला तो गुण आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. समजा दहा हजारांत एक हरीण असे जन्मत असेल, तर हिशेबाने त्याच दहा हजारांत सुमारे दोनशे तपकिरी हरणे तो गुण अंगात लपवून फिरत असतात. त्यामुळे एक पांढरे मारल्याने तो गुण नाहीसा होत नाही आणि एक सोडल्याने फारसा वाढतही नाही. असा दुर्मीळ रंग वाढवायचा असेल तर न्यूयॉर्क राज्यातील सेनेका लष्करी डेपोत घडले तसे घडवावे लागते. १९४१ साली तिथे कुंपण पडले, आत अडकलेल्या कळपात पुढे पांढरी हरणे दिसू लागली, आणि पांढरी राखून फक्त तपकिरी मारू दिल्यावर त्यांची संख्या शेकड्यांत गेली. ती हरणे देखणी आहेत, पण तो कळप कुंपणाने आणि माणसाच्या आवडीने घडवलेला आहे. आपल्याकडे रेवाच्या महाराजांनी १९५१ साली पकडलेल्या मोहन या पांढऱ्या वाघाचे उदाहरण आहे. रंग टिकवण्यासाठी त्याचा संकर त्याच्याच मुलीशी, राधेशी, करण्यात आला. पिंजऱ्यांत पांढरे वाघ पुष्कळ झाले, रानातल्या वाघाला त्याचा काहीही उपयोग झाला नाही. ज्याला हरणांची खरी काळजी आहे, त्याने मक्याचे ढीग बंद करावेत, मारलेल्या प्रत्येक जनावराची तपासणी करून घ्यावी आणि मादीचे टॅग वापरावेत, कारण या राज्यात हरणे दहा लाखांहून अधिक आहेत.

अर्थात, ज्याचे मन घेत नाही त्याने गोळी झाडू नये. जमिनीच्या मालकाने एखादे जनावर सोडायला सांगितले असेल, तर त्याचा शब्द अखेरचा मानावा. फक्त, स्वतः सोडणाऱ्याने दुसऱ्याला पापी ठरवू नये, आणि अशा जनावराचे काय करायचे हे गटात हंगामाआधीच बोलून घ्यावे.

कायदा मात्र राज्यागणिक बदलतो. आयोवात निम्म्याहून अधिक अंग पांढरे असलेले हरीण मारता येत नाही आणि टेनेसीत संपूर्ण रंगहीन हरणाला संरक्षण आहे. तुमच्या विस्कॉन्सिनमध्ये कबरे हरीण चालते, पण संपूर्ण पांढरे चालत नाही, आणि डोके तपकिरी असले तरी बाकीचे अंग पांढरे असेल तर ते संरक्षितच धरले जाते. त्यामुळे धडावर तपकिरी रंग स्वच्छ दिसेपर्यंत, विशेषतः बर्फ पडलेला असताना किंवा उजेड कमी असताना, रायफलचा सेफ्टीचा खटका काढू नका.