‘माणूस माकडापासून झाला’: गडबड माकडात की ‘पासून’मध्ये?

प्रश्न एका हौशी वाचकाचा आहे. सुट्टीच्या दिवशी हे गृहस्थ नदीकाठच्या थरांमध्ये दगडी हत्यारं बघत फिरतात. आता गावच्या शाळेत त्यांना एक छोटं प्रदर्शन मांडायचंय आणि पहिल्याच फलकावर त्यांचं घोडं अडलंय. ‘माणूस माकडापासून झाला’ असं लिहावं, ‘वानरापासून’ लिहावं की ‘कपीपासून’? त्यात शेजारचे एक काका त्यांना दोन गोष्टी ऐकवून गेले. पहिली, ‘मग आजची माकडं माणसं का होत नाहीत?’ आणि दुसरी, ‘वानर म्हणजे वा नर, हे सगळं आपल्याकडे आधीच माहीत होतं.’ गंमत अशी की पहिल्या वाक्यात काका उत्क्रांती नाकारतात आणि दुसऱ्यात तिचं श्रेय घेतात. असो.

आधी प्राणी ओळखू. मराठी मुलखात या गोत्रातले दोनच प्राणी सर्रास दिसतात. एक लाल तोंडाचा, बुटका, देवळाच्या पायरीवर बसून हातातला प्रसाद पळवणारा. ते माकड. दुसरा काळ्या तोंडाचा, करड्या अंगाचा, लांब शेपटीचा, या झाडावरून त्या झाडावर हुप्प करत जाणारा. ते वानर. शहरात वाढलेल्यांनी दोन्ही शब्द एकाच पोत्यात भरले आहेत, पण ज्याच्या परसात ही मंडळी येतात तो माणूस अजूनही फरक करतो. ‘वानरं आली’ आणि ‘माकडं आली’ या त्याच्या लेखी दोन वेगळ्या आपत्ती आहेत.

दोन प्राणी, दोन शब्द, हिशेब चोख होता. पंचाईत झाली ती तिसऱ्याची. चिंपँझी, गोरिला, ओरांगउटान, गिबन या बिनशेपटीच्या मंडळींना इंग्रजीत एप म्हणतात. भारतात यांपैकी फक्त हुलॉक गिबन आढळतो, तोही आसामकडच्या जंगलांत. सह्याद्रीत यांपैकी कोणी पाऊल टाकलं नाही, तेव्हा मराठीला त्यांच्यासाठी शब्द घडवायची गरजच पडली नाही. भाषेत उणीव होती असं नाही, समोर प्राणीच नव्हता.

मग पुस्तकं लिहिणाऱ्यांनी संस्कृतातला ‘कपि’ उचलला आणि एपसाठी नेमून दिला. मराठीत तो सुटा लिहिताना ‘कपी’ असा दीर्घ, समासात ‘कपिध्वज’सारखा ऱ्हस्व; फलकावर ही चूक हमखास होते म्हणून सांगून ठेवतो. पण संस्कृतातला कपी म्हणजे साधा माकडवर्गीय प्राणी, शेपटीसकट. लंका जाळणारा कपीच होता आणि जाळली ती शेपटीनेच. त्यामुळे ‘कपी म्हणजे शेपूट नसलेला’ ही व्याख्या मराठी वाचकाच्या मनात रुजायला वेळ लागतो. तरीही मी ‘कपी’च्याच बाजूने आहे. रोजच्या बोलण्यात तो कोणी वापरत नाही, म्हणून शास्त्राने त्याला नवा अर्थ दिला तर कोणाचं काही बिघडत नाही. ‘वानर’चं तसं नाही. त्या शब्दावर काळतोंड्याचा हक्क आहे.

‘वनमानुष’ हाही एक पर्याय आहे आणि तो कानाला गोड लागतो. मलय भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस आणि ‘हुतान’ म्हणजे जंगल. ओरांगउटान म्हणजे शब्दशः वनमाणूसच. पण हा शब्द ऐकला की जंगलात राहणारी केसाळ, अर्धवट माणसं डोळ्यांसमोर येतात. मुलांच्या फलकावर तो नको.

मात्र शेपटीची आठवण आपल्या बोलीने वेगळ्याच ठिकाणी जपली आहे. पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या टोकाला आपण ‘माकडहाड’ म्हणतो. जिन्यावरून घसरून बसकण मारलेल्या प्रत्येकाला ते कुठे असतं हे नीट माहीत असतं. तीन ते पाच छोटे मणके जुळून बनलेला तो शेपटीचा अवशेष आहे. पोटातल्या गर्भाला सुरुवातीच्या आठवड्यांत चांगली दिसण्याजोगी शेपटी असते, ती पुढे विरते. ज्याने कोणी ‘माकडहाड’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारला त्याने डार्विन वाचलेला असायची शक्यता नाही. त्याने नुसतं चाचपून पाहिलं असेल.

आता काकांच्या ‘वा नर’कडे. ‘हा नर तर नव्हे?’ अशी शंका म्हणजे वानर, ही व्युत्पत्ती काकांची नाही. ती संस्कृत पंडितांमध्येही चालत आलेली आहे. पण तिला व्याकरणच आड येतं. संस्कृतात ‘वा’ हा शब्दाच्या मागून येतो, पुढे नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे. त्या न्यायाने प्राण्याचं नाव ‘नरवा’ व्हायला हवं होतं. ‘वन’ या शब्दाशी नातं लावणारी व्युत्पत्ती जास्त सरळ आहे. आणि समजा, ‘वा नर’ खरी मानली तरी तिने सिद्ध काय होतं? वानर माणसासारखं दिसतं, एवढंच. ते कुठल्याही पोराला दिसतं. दिसण्यातलं साम्य ही शोधाची सुरुवात असते. नातं ठरवायचं तर हाडं, दात, थरांचं वय, रक्तातली प्रथिनं, जनुकं अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगावी लागते. शब्दांच्या बाबतीतही तेच आहे. ‘व्हॅटिकन म्हणजे वाटिका’, ‘ऑस्ट्रेलिया म्हणजे अस्त्रालय’ असले शोध लावणारी मंडळी ध्वनी जुळला की थांबतात. ध्वनिबदलाचा नियम कोणता, तो बाकीच्या शब्दांना लागू पडतो का, मधल्या काळातल्या रूपांचा पुरावा कुठे आहे, हे विचारलं की संभाषण संपतं. भाषेच्या नादिष्टांना छद्मविज्ञान ओळखायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही, ते आपल्या दारातच रोज भीक मागत उभं असतं.

पण मूळ प्रश्नाचं खरं मर्म माकड, वानर, कपी यांत नाहीच. ते ‘पासून’ आणि ‘झाला’ या दोन निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दांत आहे.

मराठीत ‘पासून’ बरीच कामं करतो. दुधापासून दही, मातीपासून मडकं: इथे एका वस्तूची दुसरी वस्तू होते. ‘पहिल्या बायकोपासून झालेली मुलं’: इथे जन्म आहे, वंश आहे. ‘मुंबईपासून पुण्यापर्यंत’मध्ये नुसती सुरुवात आहे. आणि ‘सावकारापासून सुटका’, ‘भावापासून वेगळा झाला’ यांत ताटातूट. उत्क्रांती सांगणाऱ्याच्या मनात दुसरा अर्थ असतो, वंशाचा. ऐकणारा पहिला अर्थ धरून बसतो, दह्याचा. त्यात ‘झाला’ हे क्रियापद आगीत तेल ओततं. ‘आधी होता वाघ्या, दैवयोगे झाला पाग्या’ या म्हणीत तोच माणूस, नवा वेष. तसंच कोणीतरी एक माकड फांदीवरून उतरलं, ताठ उभं राहिलं, शेपूट गळली आणि ‘माणूस झालं’ असं चित्र तयार होतं.

हे चित्र फक्त काकांच्या डोक्यात आहे असं समजू नका. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत (म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात) डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचं सांगितलं. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचं लिहून वा सांगून ठेवलेलं नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून तो खोडला. पण तो युक्तिवाद नीट ऐका: तो दह्याबद्दलचा आहे. दही लागताना कोणी पाहिलं, असं ते विचारत होते. वंशाबद्दल असं कोणी विचारत नाही. पणजोबांना आजोबा झाले तेव्हा तिथे उभं राहून मी पाहिलेलं नाही, तरी सात-बारावरच्या माझ्या हक्काला बाध येत नाही.

(दह्याच्या अर्थानेसुद्धा ‘मग अजून माकडं का आहेत?’ हा प्रश्न टिकत नाही. एका पातेल्यातल्या दुधाचं दही लावलं म्हणून गावातलं सगळं दूध संपत नाही. हे माझं नव्हे, घरातलं मत.)

भाषाप्रेमींना मी हे वेगळ्या तऱ्हेने सांगतो. ‘मराठी गुजरातीपासून झाली’ असं कोणी म्हटलं तर आपण लगेच त्याला थांबवू. दोघींची आई-आजी एक, प्राकृतातून आलेल्या त्या बहिणी. ‘मराठी झाली तर गुजराती अजून कशी बोलली जाते?’ हा प्रश्न आपल्याला सुचतसुद्धा नाही. आणि शुद्ध प्राकृत बोलणाऱ्या आईच्या पोटी अस्सल मराठी बोलणारं मूल एका सकाळी जन्माला आलं, असंही कधी घडलेलं नाही. प्रत्येक पिढीला आपल्या आईबापांची भाषा कळत होती. चिंपँझी ही आपली गुजराती आहे. आपली आणि तिची वाट फुटली ती सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी, आफ्रिकेत.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींचीही थोडी हजेरी घेतो. ‘माणूस माकडापासून अजिबात झाला नाही, दोघांचा पूर्वज फक्त समान होता’ असं ठणकावणारे सुधारक सगळीकडे भेटतात. ते अर्धे बरोबर आहेत. आजच्या कुठल्याच माकडाचे आपण वंशज नाही, हे खरं. पण तो समान पूर्वज दिसायला कसा होता? इजिप्तमधल्या फायूम भागात सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या इजिप्टोपिथेकसचे अवशेष सापडले आहेत. आशिया-आफ्रिकेतली माकडं आणि कपी यांची फारकत होण्याआधीच्या काळातला हा प्राणी. तो आज बांधावर येऊन बसला तर कुठलाही शेतकरी त्याला माकडच म्हणेल आणि त्याला चूक ठरवायची माझी तरी हिंमत नाही. चिंपँझीशी असलेला समान पूर्वज तर कपीच होता. इतकंच काय, शास्त्राच्या आजच्या वर्गवारीत माणूस हाही एक कपीच आहे. म्हणजे ‘कपीपासून’ म्हणणं हे ‘मराठी भाषा भारतीय भाषांपासून झाली’ म्हणण्यासारखं आहे: चूक म्हणता येत नाही, पण आपण अजून त्यातच आहोत हे सांगायचं राहून जातं.

‘उत्क्रांती’ या शब्दाबद्दल फार लिहीत नाही, पण त्यातला ‘उत्’ वर चढायला लावतो, हे ध्यानात असू द्या. वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत एका ओळीत चालणाऱ्यांचं ते प्रसिद्ध चित्र फलकावर लावू नये, असं मला वाटतं. ती ओळ नाही, झुडूप आहे. जाता जाता: संस्कृतात उत्क्रांती म्हणजे प्राण देहातून निघून जाणं. अंतकाळी दान करायच्या गाईला ‘उत्क्रांतिधेनू’ म्हणत. शब्द स्वतःच किती दूर चालत आला बघा.

नावांच्या मोहाची एक गोष्ट मात्र प्रदर्शनात जरूर सांगा. १९३० च्या दशकात शिवालिकच्या टेकड्यांत मिळालेल्या जबड्याच्या तुकड्याला जी. एडवर्ड लुईस या अमेरिकी संशोधकाने ‘रामापिथेकस’ नाव दिलं. ‘पिथेकस’ हे ग्रीक ‘कपी’वरून, म्हणजे चक्क रामाचा कपी. साठच्या दशकात तो माणसाचा थेट पूर्वज मानला गेला. १९६७ मध्ये सारिच आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी रक्तातल्या प्रथिनांवरून माणूस आणि आफ्रिकी कपी यांची फारकत अवघी ५० लाख वर्षांची असावी असं मांडलं, तेव्हा हाडांचे जाणकार चिडले, कारण रामापिथेकस त्याहून कितीतरी जुना होता. पुढे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर त्याच्या जवळच्या नात्यातल्या शिवापिथेकस या कपीचा चेहरा मिळाला आणि तो निघाला ओरांगउटानच्या वळणाचा. ज्या डेव्हिड पिलबीम यांनी रामापिथेकसला डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच त्याला खाली उतरवलं. माणसाच्या पूर्वजाला भारतातलं नाव लाभलं होतं, ते गेलं. हळहळ वाटते, पण अशी हळहळ सोसायची तयारी आहे का, हीच मी कुठल्याही ‘संशोधका’ची परीक्षा मानतो. अस्त्रालयवाल्यांपैकी कोणी आजवर ‘माझा अमुक शब्द चुकला’ असं म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तर फलक. ‘आदिमानव’ हा शब्द शक्यतो टाळा. ३२ लाख वर्षांपूर्वीची इथिओपियातली ल्यूसीही त्यात बसते आणि काल-परवाचा गुहेत चित्रं काढणाराही, त्यामुळे तो काहीच सांगत नाही. शाळेच्या पुस्तकातले ‘कुशल मानव’, ‘ताठ कण्याचा मानव’, ‘बुद्धिमान मानव’ हे शब्द मुलांच्या ओळखीचे आहेत, तेच ठेवा. हातकुऱ्हाडीचा फोटो असेल तर ती कुठल्या थरात होती तेही लिहा. आणि ती अजून त्याच थरात असेल तर तुम्ही खरे हौशी.

वाक्य मी असं लिहिलं असतं: ‘माणूस आणि चिंपँझी ही चुलत भावंडं आहेत. सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आपले पूर्वज त्यांच्या पूर्वजांपासून वेगळे झाले.’ ‘पासून’ आहे, ‘झाले’ही आहे. पण आता तो दह्यातला ‘पासून’ नाही, वाटणी झालेल्या भावांमधला आहे, आणि ती गोष्ट तुमच्या शेजारच्या काकांना मी सांगायची गरज नाही.